कैद्याचा देव गेटवर जमा होतो का?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०२० साली एका कैद्याची पाच महिन्यांची शिक्षा संपायला तीन आठवडे उरले होते. तो रास्ताफारी पंथाचा. केस न कापण्याचं व्रत त्यानं जवळपास वीस वर्षं पाळलेलं. नव्या तुरुंगात बदली झाली तेव्हा तो अपील कोर्टाच्या एका निकालाची प्रतच सोबत घेऊन गेला. त्याच राज्यातल्या रास्ताफारी कैद्याचे केस सक्तीनं कापणं कायद्यात बसत नाही, असा तो निकाल होता. खटल्यात मांडलेली हकिगत अशी की पहारेकऱ्यानं तो कागद कचऱ्यात टाकला आणि कैद्याला खुर्चीला बांधून त्याचं डोकं भादरलं. केस कापायला नको होते, याबद्दल आता फारसं कोणी भांडत नाही. त्या अधिकाऱ्यांच्या खिशातून भरपाई मागता येते का, हा वाद होता. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली.

आपल्याकडं नागपूर-अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा यवतमाळ, अकोला, बुलडाण्याच्या जिल्हा कारागृहात ज्यांचं कोणी आहे, त्यांचे प्रश्न इतके नाट्यमय नसतात. मुलाकतीला गेल्यावर कळतं की गळ्यातली माळ काढून घेतली. रोजा सोडायच्या वेळी ताटातली भाजी आंबलेली असते. बाप वारतो आणि पोरगा तेरवीपर्यंतही पोचत नाही. यात हक्क किती, मेहेरबानी किती, आणि हक्क असेल तर मागायचा कोणाकडं, एवढंच घरच्यांना जाणून घ्यायचं असतं.

कच्चा कैदी, पक्का कैदी

खटला अजून चालू आहे तो कच्चा कैदी. कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. शिक्षा लागली तो पक्का, म्हणजे सिद्धदोष बंदी. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे आत बसलेल्या चौघांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. ‘गुन्हा करताना देव आठवला नाही, आता बरा आठवला’ हे पारावरचं वाक्य त्यांना लागूच पडत नाही.

व्यवहारातही फरक आहे. कच्चा कैदी अंगावर स्वतःचे कपडे घालतो. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३१ नं त्याला खाणं, कपडे, अंथरूण बाहेरून मागवायची मुभा दिली; अट तपासणीची आणि राज्याच्या नियमांची. पक्क्याला तुरुंगाचा गणवेश आणि तुरुंगाचं ताट. म्हणून अर्ज लिहिताना पहिल्या ओळीतच आपला माणूस कच्चा की पक्का हे लिहावं. पुढचे सगळे नियम त्यावरून बदलतात.

शिक्षा नेमकी कशाची होते?

शेत मक्त्यानं दिलं की वर्षभराची वहिती मक्त्यानं घेणाऱ्याची. म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही, की धुऱ्यावरचा आंबा तोडायचा हक्क त्याला मिळत नाही. करारात जेवढं लिहिलं तेवढं गेलं, बाकी मालकाचंच. शिक्षेकडं आपली न्यायालयं साधारण याच नजरेनं पाहतात. हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य जातं आणि त्याच्या ओघानं जे जायलाच हवं ते जातं. शिक्षा लागली म्हणून मूलभूत हक्क आपोआप गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली भुवन मोहन पटनाईक प्रकरणात सांगितलं आणि १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणात आणखी ठासून मांडलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी त्यांनी मागितली. सरकार म्हणालं, स्थानबद्धांना कोणत्या सवलती द्यायच्या ते आदेशात लिहिलंय, त्यात पुस्तक छापणं नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मांडणी उलटी केली. आदेशात निर्बंध लिहिलेले असतात. ज्याला मनाई लिहिलेली नाही, ते अडवता येत नाही. हे प्रकरण धर्माचं नव्हतं, पण तुरुंगातल्या प्रत्येक धार्मिक मागणीला ते उपयोगी पडतं. ‘तशी पद्धत नाही’ असं गेटवर सांगितलं जातं, तेव्हा विचारायचं एवढंच की मनाईचा नियम कोणता?

कलम २५ मध्ये अटी आधी येतात

राज्यघटनेचं कलम २५ सगळ्यांना तोंडपाठ असल्यासारखं बोललं जातं, पण त्याची सुरुवात कशी होते हे कमी लोक पाहतात. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी यांना अधीन राहून, अशी ती सुरुवात आहे. त्यानंतर सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकाचं आणि धर्म मानण्याचं, आचरण्याचं, सांगण्याचं स्वातंत्र्य येतं. ‘सर्व नागरिकांना’ असं तिथं लिहिलेलं नाही, ‘सर्व व्यक्तींना’ लिहिलंय. परदेशी कैदीही त्यात आला.

मनात काय मानायचं, यावर तुरुंगाला काहीच करता येत नाही. आचरणावर मात्र अटी लागतात, कारण आचरणाला जागा लागते, वेळ लागतो, वस्तू लागतात.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. न करण्याचाही हक्क आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहणारी पण धर्मश्रद्धेमुळं न गाणारी तीन केरळी मुलं शाळेतून काढली होती. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. हेच तत्त्व बराकीत आणून पाहा. सकाळच्या प्रार्थनेला रांगेत शांत उभं राहा, असं शिस्त म्हणून सांगता येईल. अमुक देवाचं नाव घेच, अशी सक्ती करता येणार नाही. आरतीचा प्रसाद न घेणारा महानुभाव उपदेशी असो की देवच न मानणारा माणूस, दोघांनाही हे संरक्षण सारखंच.

कोर्ट काय तपासतं?

आपल्याकडं तुरुंगातल्या धर्माचरणावर सर्वोच्च न्यायालयाचे थेट निकाल मोजके आहेत. त्यामुळं न्यायाधीश इतर हक्कांसाठी वापरली जाणारी प्रमाणबद्धतेची कसोटी हाताशी घेतात. निर्बंधामागं कायदा आणि वाजवी हेतू आहे का, निर्बंधानं तो हेतू खरंच साधतो का, त्याहून सौम्य उपाय होता का, आणि माणसाचं होणारं नुकसान मिळणाऱ्या फायद्याच्या मानानं फार जास्त आहे का, हे तपासणं म्हणजे ही कसोटी.

ती प्रत्यक्षात कशी चालते हे अमेरिकेच्या एका दाढीच्या खटल्यात छान दिसतं. तिथं तुरुंगातल्या धर्माचरणासाठी २००० सालापासून स्वतंत्र कायदा आहे. आर्कान्सा राज्यातल्या एका मुस्लिम कैद्यानं फक्त अर्धा इंच दाढी मागितली. तुरुंग खातं म्हणालं, दाढीत ब्लेड लपेल, आणि दाढी काढून पळाला तर ओळखणार कसा? २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांनी एकमतानं कैद्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यांची कारणं साधी होती. त्वचेचा आजार असलेल्यांना तेच खातं पाव इंच दाढी ठेवू देत होतं. डोक्याचे केस त्याहून लांब चालत होते, मग ब्लेड तिथं लपत नाही का? दाढीतून कंगवा फिरवून झडती घेता येते. ओळखीसाठी दाढीसह आणि दाढीविना असे दोन फोटो काढून ठेवता येतात. आणि देशातल्या बहुतेक तुरुंगांत एवढी दाढी चालत होती. दाढी धर्मात आवश्यक आहे का, यावर न्यायाधीश अडले नाहीत. ते नियमाचा धागा उसवत गेले.

आपल्याकडं यात एक जास्तीची गाठ आहे. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून, एखादी प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का, हे न्यायालयं तपासत आली आहेत. यामुळं न्यायाधीशाला पोथी उघडून बसावं लागतं आणि लहान पंथांची, लिखित ग्रंथ नसलेल्या आदिवासी परंपरांची कुचंबणा होते. गोंडांच्या पेनाची, म्हणजे देवाची, पूजा कोणत्या पुस्तकात दाखवायची? म्हणून अर्जात ‘आमच्या धर्मात हे अत्यावश्यक आहे’ एवढ्यावर सगळा भार टाकू नये. ‘यानं सुरक्षेला धोका नाही, आणि असेल तर असा उपाय आहे’ हे लिहिलं तर अर्ज टिकतो.

वस्तूंचं गणित याच रीतीनं सुटतं. उदबत्ती आणि माचिस बराकीत नाकारली जाणारच. शंभर माणसं कोंडलेल्या खोलीत आग हा खरा धोका आहे. दिवसा, मोकळ्या जागी, शिपायासमोर उदबत्ती लावायची परवानगी हा मधला मार्ग. तुळशीची माळ नायलॉनच्या लांब दोऱ्यात असेल तर गळफासाची भीती सांगितली जाईल. आखूड आणि ताणला की तुटणाऱ्या सुती दोऱ्यात ओवून द्या. ताईत बंद डबीचा असेल तर आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. डबी उघडून दाखवा किंवा कापडी ताईत द्या. शीख कैद्याची कृपाण हा कठीण प्रश्न आहे. कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाणीचा उल्लेख नावानिशी आहे, तरी बराकीत पातं नेणं सुव्यवस्थेच्या अटीत अडकतं. केसांचं आणि कंगव्याचं तसं नाही. पोथी, कुराण, त्रिपिटकातलं पुस्तक, बायबल या गोष्टी क्वचितच अडतात. अडल्याच तर बहुधा जाड पुठ्ठ्याच्या बांधणीमुळं. साधी, पातळ प्रत न्यावी.

ताटाचा प्रश्न खरा वेळेचा आहे

तुरुंगात संध्याकाळचं जेवण लवकर वाटतात आणि दिवस मावळायच्या सुमारास बराकींना कुलूप लागतं. आता रमजान मार्च-एप्रिलात आला तर? आपल्याकडं तेव्हा सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पाचला मिळालेली भाजी-पोळी रोजेदार ताटावर झाकून ठेवतो आणि त्या उन्हाळ्यात ती वास मारायला लागते. पहाटे सहरीला तर स्वयंपाकघरच बंद. जैन कैद्याची अडचण बरोबर उलटी: सूर्यास्तानंतर घास घ्यायचा नाही, त्यामुळं कोर्टाच्या तारखेहून गाडी उशिरा आली की तो उपाशी. वर्षावासात अष्टशील पाळणारा बौद्ध उपासक दुपारी बारानंतर जेवत नाही.

तिघांनाही जास्तीचं अन्न नको आहे, तेच अन्न दुसऱ्या वेळी हवं आहे. ही मागणी मान्य करणं तुरुंगाला जड नसतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेतही धार्मिक उपवास करणाऱ्यांना जेवणाची वेळ, जागा आणि पदार्थ यांत सवलत देण्याची तरतूद आहे. अर्जात तारखा लिहाव्यात (पहिला दिवस, शेवटचा दिवस), किती कैदी मिळून मागतायत ते लिहावं आणि नेमकं काय हवं तेही: खजूर, फळं, झाकणाचा डबा, पहाटे गरम पाणी. ‘रमजाननिमित्त सोय व्हावी’ एवढ्याच अर्जावर निर्णय व्हायला महिना निघून जातो. अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा.

यालाही मर्यादा आहे. २०२२ साली दिल्लीच्या एका मंत्र्यानं तिहारमधून धार्मिक उपवासासाठी फळं आणि सुकामेवा मागितला होता. विशेष न्यायालयानं अर्ज फेटाळला. त्याला आधी दिली जाणारी फळं नियमाला सोडून दिलेली होती, आणि एकाच कैद्याला अशी खास वागणूक देणं म्हणजे समानतेचा भंग, असं न्यायालयाचं म्हणणं. सवलत उपवास करणाऱ्या प्रत्येकाला मिळते, ओळख असलेल्याला नव्हे.

मग ‘अमक्याच्या हातचं खाणार नाही’ हाही धर्मच का?

हा प्रश्न गावाकडच्या वाचकाला लगेच सुचेल, आणि सुचायलाच हवा. मांस नको, कांदा-लसूण नको, सूर्यास्तानंतर नको, या खाण्याच्या अटी झाल्या. स्वयंपाक्याची जात कोणती, ही माणसाबद्दलची अट झाली. तिला तुरुंगात जागा नाही.

गंमत म्हणजे, परवापरवापर्यंत ती नियमांत लिहिलेली होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, त्यात राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली कलमंच मांडली आहेत. पश्चिम बंगालच्या नियमावलीत अन्न ‘योग्य जातीच्या’ कैद्यानं शिजवायचं, असं होतं. उत्तर प्रदेशात साधी कैद झालेल्याला हलकं मानलेलं काम द्यायचं नाही, पण त्याची जमात तशा कामाला ‘सरावलेली’ असेल तर द्यायचं. न्यायालयानं अशी कलमं रद्द केली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि नियमावल्या सुधारायला तीन महिन्यांची मुदत दिली.

त्याच निकालाचा दुसरा भाग विदर्भाच्या जास्त जवळचा आहे. विमुक्त जमातींच्या माणसाला केवळ जन्मामुळं सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदीही त्यानं काढल्या. मध्य प्रदेशच्या नियमावलीत अशी तरतूद होती. आपल्या अमरावती, अकोला, यवतमाळच्या बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पारधी कुटुंबांना हा शिक्का काय असतो ते सांगायची गरज नाही. ‘सराईत’ ठरला की कैद्याचं वर्गीकरण बदलतं आणि वेगळी बराक वाट्याला येते. आत गेलेल्या पारधी पोराच्या कागदावर तो शब्द दिसला तर कशाच्या आधारावर, हे लेखी विचारता येतं. आधीच्या शिक्षा हा आधार असू शकतो, जात नाही.

‘प्रत्येकानं आपला पंथ काढला तर जेल चालेल कसं?’

आक्षेप खोटा नाही. एका कारागृहात वारकरी, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना करणारे, ताजुद्दीन बाबांना मानणारे, बौद्ध, महानुभाव, गोंड असे सगळे असतात. प्रत्येकासाठी वेगळी खोली बांधा, असं कोणतंही न्यायालय सांगत नाही. पण इतरांना जी संधी मिळते तिच्याशी तुलना करता येईल इतकी वाजवी संधी द्यावीच लागते. १९७२ साली टेक्सासच्या तुरुंगातल्या एका बौद्ध कैद्याची तक्रार होती की ख्रिस्ती कैद्यांना प्रार्थनागृह मिळतं, त्याला नाही, आणि बौद्ध पुस्तकं इतरांना दिली म्हणून त्याला एकांतकोठडीत टाकलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची तक्रार ऐकून घ्यायला लावली, पण त्याच निकालात हेही म्हटलं की प्रत्येक लहान पंथाला मोठ्या पंथाइतक्याच सोयी द्याव्या लागतील असं नाही.

आपल्याकडं याचा अर्थ असा की गणपतीला आवारात दहा दिवस मंडप चालत असेल, तर विजयादशमीला तासभर वंदनेसाठी तोच चौथरा मागणाऱ्या बौद्ध कैद्यांना ‘गर्दी जमते’ हे कारण देणं कठीण जातं. माझ्या मते तुरुंगातल्या बहुतेक धार्मिक वादांत तुलना हाच सगळ्यात भक्कम मुद्दा असतो, आणि अर्जात तो सहसा लिहिलेलाच नसतो.

‘ढोंगी असेल तर?’ असतातही. तुरुंग खरेपणा तपासू शकतो: आत येताना काय धर्म सांगितला होता, सवलत मिळाल्यावर पाळतो का. रोजाची सवलत घेऊन दुपारी कॅन्टीनचं फरसाण खाणाऱ्याची सवलत थांबवणं चूक नाही. त्या एकापायी सगळ्या बराकीची थांबवणं चूक आहे.

मयत आणि तेरवी

इथं धर्मस्वातंत्र्यापेक्षा सुट्टीचे नियम जास्त कामाला येतात. पक्क्या कैद्यासाठी १९५९ चे फर्लो आणि पॅरोलचे नियम आहेत. जवळच्या नात्यात मृत्यू झाला तर तातडीचा पॅरोल मागता येतो. फर्लो म्हणजे ठराविक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी सुट्टी. ती मागता येते, पण बिनशर्त हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नारायण साई प्रकरणात सांगितलं. कच्च्या कैद्याला पॅरोल नसतो. त्याच्या वकिलानं खटला चालू असलेल्या कोर्टात तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात काही तास नेण्याची परवानगी मागायची असते.

उशीर होतो तो कागदांमुळं. मयत रात्री होते, ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला चार दिवसांनी निघतो, तोवर सगळं उरकलेलं असतं. म्हणून त्याच सकाळी पोलीस पाटील किंवा सरपंचाचं पत्र घ्यावं. त्यात मृताचं नाव, कैद्याशी नातं, अंत्यविधीची वेळ आणि तेरवीची तारीख लिहून घ्यावी आणि ते पत्र तुरुंगात आणि ठाणेदाराकडं एकाच दिवशी द्यावं. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर तिथला कागद जोडावा. अग्नीची वेळ टळली तरी तेरवीसाठी वेगळी मागणी करता येते. एकाच अर्जात दोन्ही तारखा मागाव्यात.

कोणाकडं जायचं?

पहिला अर्ज कारागृह अधीक्षकाकडं. कैदी स्वतः देऊ शकतो, घरच्यांनी दिला तरी चालतो. अर्ज एका पानाचा असावा: कैद्याचं नाव आणि बंदी क्रमांक, कच्चा की पक्का, नेमकी मागणी, तारखा, सुरक्षेची काळजी कशी घेता येईल, आणि इतर कैद्यांना मिळणारी तशीच सवलत. शेवटी एक ओळ: मागणी नाकारल्यास कोणत्या नियमानुसार ते लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच मिळत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवून पावती जपावी.

उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, ही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ची तरतूद. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा मदतीचा फोन आहे. कच्च्या कैद्याला तारखेच्या दिवशी न्यायाधीशांपुढंही तक्रार सांगता येते. ती रोजनाम्यात लिहून घ्यायची विनंती करावी. यानंतरची पायरी म्हणजे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका. कैद्यानं आतून लिहिलेल्या साध्या पत्रालाही याचिका मानता येतं. सुनील बत्रानं तिहारमधून दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये तसंच दाखल करून घेतलं होतं.

भरपाईबद्दल बोलायचं तर, आपल्याकडं मूलभूत हक्काच्या भंगासाठी न्यायालय सरकारला पैसे द्यायला लावू शकतं. सुटकेच्या आदेशानंतरही चौदा वर्षं आत ठेवलेल्या रुदल शाहला १९८३ साली ३५,००० रुपये मिळाले ते असेच. माळ काढून घेतल्याच्या किंवा उपवास मोडल्याच्या तक्रारीत अशी रक्कम मिळेल अशी आशा मात्र कोणी लावू नये. तिथं न्यायालय बहुधा एवढंच म्हणतं की अर्जावर इतक्या दिवसांत कारणांसह निर्णय द्या. सण जवळ आला असेल तर याचिकेत ती तारीख पहिल्या परिच्छेदात लिहून लवकर सुनावणीची विनंती वेगळी करावी. नाहीतर निर्णय यायच्या आत ईद किंवा एकादशी होऊन जाते, आणि आता मागणीच उरली नाही म्हणून प्रकरण निकाली निघतं.